देणाऱ्याचा पहिला घोट

"नंदाताई, फेटा बांधून घ्या. आता बायकांनाबी बांधत्यात," जालूदादा म्हणाला आणि स्वतःच्या फेट्याचा शेमला त्यानं खांद्यावर नीट सोडला.

"मला नको. माझे हात गुंतलेत."

"काय आणलंय कळशीत?"

"थंडाई. तात्यांच्या दगडी कुंडीत घोटलीय. सकाळपासून तेच करतेय."

त्यानं कळशीवरचं फडकं बाजूला करून वास घेतला. बदाम, खसखस, गुलाबकळी, मिरी. क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाला, "अगदी वस्तादांचा हात. आज वस्ताद असायला पाहिजे हुते."

तात्या असते तर या माणसाची आखाड्यात उभं राहायची छाती झाली नसती. मी फडकं पुन्हा घट्ट बांधलं.

भैरोबाच्या जत्रेतलं कुस्त्यांचं मैदान आमच्या वडाचीवाडीत चैत्रात, शाळेमागच्या पटांगणात भरतं. त्या वर्षी शेवटच्या जोडीला चांदीची गदा होती आणि तिच्या दांड्यावर कोरलं होतं, 'कै. ज्ञानू वस्ताद स्मृती'. ज्ञानू वस्ताद म्हणजे माझे वडील, तात्या. त्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. गदा ठेवली होती जालूदादानं, म्हणजे जालिंदर मान्यानं. तो तात्यांचाच पठ्ठा. मी परकरात होते तेव्हा तो आमच्या तालमीत राहायचा, आमच्याच चुलीवरची भाकरी खायचा. पुढं त्यानं कुस्ती सोडली आणि तालुक्याला व्यायामशाळा काढली. तिथंच पैलवानी खुराकाच्या डब्यांचं दुकान. गावोगावच्या मैदानांत बक्षिसं ठेवून ठेवून त्याचा जालिंदरशेठ झाला.

ती गदा माझ्या हातून द्यायची असं त्यानं ठरवलं. आमंत्रण द्यायला मिरजेला आला. मी तिथल्या कॉलेजात शिकवत होते. माझ्या घरात बसून तात्यांच्या फोटोकडं बघत त्यानं डोळे पुसले. मी चहा केला, येते म्हणाले. त्याला वाटलं मी भारावलेय. मी त्याच गदेखाली त्याला गाडायला निघाले होते.

त्या जत्रेच्या आदल्या वर्षी श्रावणात प्रमोद गेला. गावातल्या हौसाबाईचा थोरला मुलगा, दहावीतला, तात्यांच्या तालमीतला सगळ्यात चपळ. सकाळी जोर काढता काढता हौद्यातल्या मातीत बसला, छातीला हात लावला आणि आडवा झाला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. सोळा वर्षांच्या पोराचं हृदय का बंद पडावं, हे कुणी विचारलं नाही, कारण उत्तर गावाकडं तयार होतं. वस्तादाची मेहनत. म्हाताऱ्यानं पोराला घोड्यासारखं पळवलं. हौसाबाई प्रमोदचा लंगोट घेऊन आमच्या दारात आली आणि तो तिनं उंबऱ्यावर टाकला. "घ्या. तुमचाच हाय. पोरगं तुमी ठिवून घेटलंच," एवढंच बोलली. तात्यांनी लंगोट उचलला, धुतला, वाळत घातला. त्यानंतर तालमीला पोरं येईनाशी झाली.

जालूदादानं मात्र हौसाबाईच्या घरी धान्य पोचवलं, आणि धाकट्या सिधूला आपल्या व्यायामशाळेत नेलं. गावानं त्याचं कौतुक केलं.

तात्यांचा शेवटचा फोन मला अजून शब्दन् शब्द आठवतो.

"नंदे, तालमीच्या कोनाड्यात एक काचंची बाटली घावली. बारकी. प्रमोदच्या पिशवीमागं."

"कसली?"

"जाल्याला इचारलं. म्हणतोय, ताकदीचं इटामिन हाय, सुईनं घ्यायचं, सगळी पोरं घेत्यात. माझ्या तालमीतली पोरं, आन् मलाच ठावं न्हाई."

"तात्या, ती बाटली मला द्या. मी डॉक्टरला दाखवते. रविवारी येतेच आहे."

"ये. पर मी बघतो आधी. उगं कुणावर आळ घ्यायचा न्हाई. आपला पोरगा हाय त्यो."

रविवारपर्यंत तात्या राहिले नाहीत. शेजारच्या काकांनी फोन केला आणि मी गेले तेव्हा ते तालमीतच होते. कुंडीला पाठ टेकून बसलेले, पैरणीची डावी बाही दंडापर्यंत दुमडलेली, जणू थंडाई घोटायलाच बसलेत. आमच्या तालमीत बाईनं पाय ठेवायचा नाही असा नेम. लहानपणी मी खिडकीतून हात आत घालायची आणि तात्या माझ्या हातात वाटी द्यायचे. त्या दिवशी मी पहिल्यांदा उंबरा ओलांडला आणि कुणी अडवलं नाही. कुंडीच्या काठावर ती काचेची बाटली होती. मी ती पदराखाली घेतली. त्या दिवशी गावात कुणाला दाखवली नाही.

गाव म्हणालं, पोराच्या पापानं म्हाताऱ्याला खाल्लं. लाजेनं गेला.

मिरजेत ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना बाटली दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली, त्यावरचं नाव वाचलं आणि मला विचारलं, "ही तुमच्याकडं कशी? ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटचं बीपी खाली गेलं की आम्ही हे देतो. समोर यंत्रावर काटा बघत देतो. धडधाकट पोरानं घेतलं तर दम लागल्याचं कळत नाही, शरीर थांब म्हणतं ते ऐकू येत नाही. पोरं पळत राहतात आणि हृदय फुटतं."

मी चौकीत गेले. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाई, एका बाटलीवर काय सिद्ध होतं, ती तर तुमच्याच वडिलांच्या तालमीत सापडली. पंचायतीत गेले. तिथं मागून कुणीतरी म्हणालं, बापाचं झाकायला दुसऱ्याच्या गळ्यात बांधतेय. त्यानंतर मी कुणाला काही सांगितलं नाही. मी वाट बघितली. जालूदादा आमंत्रण घेऊन आला तेव्हा मला कळलं की वाट संपली.

कळशी पंचांच्या मेजाखाली ठेवून मी शाळेच्या वर्गांकडं गेले. तिथं पैलवान कपडे बदलत होते. सिधू एका बाकावर एकटाच बसला होता, अंगाला तेल, हातात पिशवी. नववीतलं पोर. ओठांवर अजून लव फुटत होती. शेवटची जोड त्याची होती. एवढ्या लहान पोराला गदेच्या कुस्तीला उभं करायचं, हाही जालूदादाचाच हट्ट. व्यायामशाळेचं नाव व्हायला पाहिजे होतं.

"आक्का, तुमी इकडं?"

"तुला बघायला आले. सुई घेतलीस?"

त्यानं पिशवी पोटाशी धरली. "कसली?"

"सिधू, मी वस्तादांची पोरगी आहे. मला कसली म्हणून विचारू नकोस."

मग दाराकडं बघून म्हणाला, "अजून न्हाई. नाव पुकारलं की घ्यायची, असं जालूभाऊ म्हणालेत. आधी घेतली तर उतरती."

"प्रमोदनंपण हीच घेतली होती."

"भाऊ म्हणत्यात, दादा मेहनतीनं गेला. तुमच्या वडलांनी..."

वाद घालायला वेळ नव्हता. हिसकावून घेतली असती तर दुसरी मिळाली असती. जालूदादाकडं पेटीभर होत्या. बाहेर हलगी कडाडत होती आणि एकेक जोड सुटत होती.

"बरं," मी म्हटलं, "तुझ्या दादानं तुला थंडाईची रीत सांगितली होती का?"

तो पहिल्यांदा हसला. "पहिला घोट वस्तादाचा. दादा म्हणायचा, वस्ताद पेल्यात आमच्यासाठी ठिवतच न्हाईत."

"आज मी थंडाई आणलीय. ती जालूदादा आधी पितील, मग तू. तसंच या सुईचं करू. त्यांनी आधी घेतली, की तू घे. मी स्वतः तुझ्या हातात देईन."

"भाऊ घेतील?"

"ताकदीची आहे म्हणतात ना? मग का नाही घेणार?"

त्यानं विचार केला. त्याच्या चेहऱ्यावर मला प्रमोद दिसला, उंबऱ्यावरचा लंगोट दिसला. मग त्यानं पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"भाऊंनी घेतली तर परत द्यायची बघा आक्का. न्हाईतर त्ये माझा जीव घेतील."

"देईन. शब्द आहे."

आणि तो शब्द मी खरा दिला होता. जालूदादानं ती सुई घेतली असती तर मी काय केलं असतं, हे मला तेव्हा पक्कं ठाऊक होतं. ते शेवटी सांगते.

निवेदक कोळेकर मास्तरांचा आवाज दुपारभर चढत चालला होता. "आता लागणार आहे अखेरची जोड, ज्या जोडीची, भैरोबाची शपथ, सगळा तालुका वाट बघतोय. त्याआधी गदेचे दाते, दानशूर, वस्तादांचा लाडका पठ्ठा, जालिंदरशेठ माने. आणि वस्तादांची कन्या, प्राध्यापिका सुनंदाताई." हलगीवाल्यांनी एक ठेका दिला. बायका शाळेच्या गच्चीवर बसल्या होत्या. हौसाबाई कठड्याला टेकून उभी होती. तिनं माझ्याकडं बघून तोंड फिरवलं.

मास्तरांनी कडेच्या पंचांच्या मेजाशी माईक माझ्याकडं दिला.

"मला मैदानात बोलायची सवय नाही," मी म्हणाले. "तात्यांच्या तालमीची एक रीत आहे, ती तेवढी आज करावी म्हणते. जालूदादा, ती तुम्हीच सांगा. तुम्ही त्या कुंडीवर वाढलात."

त्याला यापेक्षा गोड काही सुचवताच आलं नसतं. माईक घेऊन त्यानं छाती पुढं काढली.

"मंडळी, जुन्या काळात कुठल्यातरी मैदानाआधी पैलवानाच्या दुधात इख कालवलं, असं वस्ताद सांगायचे. खरंखोटं मारुतीला ठावं. तवापास्नं आमच्या तालमीत पोराला जे द्यायचं त्याचा पहिला घोट देणाऱ्याचा. दूध असू दे, थंडाई असू दे. वस्ताद म्हणायचे, पोराच्या अंगात जे जातंय त्याची जबाबदारी देणाऱ्याची. मरायचं असलं तर आधी वस्ताद मरंल, मग पोरगं." त्यानं फेट्याला हात लावला. "असा वस्ताद पुन्हा हुणे न्हाई."

टाळ्या झाल्या. पुढं बसलेले म्हातारे माना हलवत होते.

"मग आज देणारं कोण?" मी विचारलं.

"आज देणारा मीच की." लोक हसले.

मी थंडाईची वाटी भरून त्याच्या हातात दिली. तो एका दमात प्यायला, मिशी पुसली, वाटी उलटी करून दाखवली. मग सिधू प्यायला, समोरचा पैलवान प्यायला. समोरचा पोरगा म्हणाला, "अजून हाय का?" आणि पुन्हा हशा झाला. सगळं लग्नघरासारखं चाललं होतं.

"थंडाई झाली," मी म्हणाले. "आता हे."

मी रुमाल सोडला. तळहातावर बाटली आणि न फोडलेली सुई.

"ह्ये काय?" कोळेकर मास्तर.

"हे जालूदादांनी सिधूला दिलंय. नाव पुकारलं की घ्यायला. देणारे तेच आहेत आणि रीत त्यांनीच आत्ता सांगितली. त्यांनी आधी घ्यावं, मग सिधू घेईल."

सिधू खाली मातीकडं बघत उभा होता. पण तो नाही म्हणाला नाही.

"नंदा, माईक बंद कर," जालूदादा हळू म्हणाला. माईकनं तेही सगळ्यांना ऐकवलं.

"ताकदीचं आहे ना हे?"

"इटामिन हाय. सगळीकडं घेत्यात."

"मग घ्या."

"मी काय कुस्ती खेळणाराय व्हय आता?"

"थंडाई प्यायलात की. ती कुठं कुस्तीसाठी प्यायलात?"

मागून कुणीतरी ओरडलं, "घ्या की शेठ, मुंगी चावल्यागत हुतंय." आणखी एकजण म्हणाला, "आमच्या बारक्यानं घेतलंय की, तुमाला काय हुतंय?" हशा झाला, पण अर्धाच. बोलणाऱ्याला आपण काय बोललो हे बोलल्यावर कळलं. तो शेजारी बसलेल्या पोराकडं वळला. "तू घेतलंस का न्हाई रं? सुईच हुती न्हवं ती?" पोरानं बाही खाली ओढली.

"मला बीपी हाय," जालूदादा घाईनं म्हणाला. "डॉक्टरनं सांगितलंय, असलं घ्याचं न्हाई म्हणून."

"असलं म्हणजे कसलं?" मी विचारलं.

हलगी कधी थांबली ते मला कळलं नाही. पटांगणभर बाप आपापल्या पोरांचे दंड धरून सदऱ्याच्या बाह्या वर करत होते. उन्हात ते सगळे उघडे, कोवळे दंड मला अजून दिसतात.

हौसाबाई गच्चीवरून कधी उतरली ते कुणी पाहिलं नाही. आखाड्याच्या मातीत बाई कधी उतरली नव्हती. ती सरळ चालत आली. पंचांपैकी एकजण "ओ मावशी" म्हणाला आणि बाजूला सरकला.

ती जालूदादासमोर उभी राहिली. तिच्या डोक्यावरचा पदर त्याच्या छातीपर्यंत पोचत होता.

"घे की."

"हौसावैनी, ऐका माझं..."

"माझ्या प्रमोदनं घेटली तवा बीपी कुटं हुता तुजा?" ती जराही ओरडली नाही. "घे की रं. दाणं आणून दिलंस माझ्या घरात. मी तुझ्या पाया पडले. आन् ह्यो दुसराबी तुझ्या हवाली केला. घे. मला बघू दे."

तो एकेक पाऊल मागं सरत गेला. मागं मेजाच्या कोपऱ्यात अडकून शेमला ओढला गेला आणि फेट्याचा वेढा सुटून त्याच्या कानावर आला. लोकांनी त्याला वाट दिली. अंगाला कुणी हात लावला नाही. त्याच्या जाण्याच्या वाटेवर फक्त शांतता होती, आणि मी ती पोटभर ऐकली.

सिधू माझ्याजवळ आला. "भाऊंनी घेतली न्हाई," तो म्हणाला, जणू हिशेब माझ्याकडून पक्का करून घेत होता.

"नाही घेतली."

"मग मलाबी नगं."

तो लढला. लवकरच दमला आणि हरला. हरून मातीत पडला तेव्हा त्याची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. हौसाबाई कडेला उकिडवी बसून त्या छातीकडं बघत राहिली, तो उठेपर्यंत. मग तिनं त्याला उठवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "वस्तादाची तालीम कोण उघडणार हाय का न्हाई?"

ती आता सिधू चालवतो. जालूदादाच्या दुकानावर त्याच दिवशी धाड पडली. यावेळी चौकीतल्या साहेबांना सिद्ध करायला गावभर दंड होते. खटला चालू राहिला, तो जामिनावर सुटला, दुकान गेलं, परगावी कुठंतरी राहतो म्हणतात. आमच्या भागात मात्र एक गोष्ट राहिली. कुणी पूड, गोळी, सुई घेऊन पोराभोवती घुटमळायला लागला की म्हाताऱ्या बायकासुद्धा म्हणतात, आधी तू घे. पुष्कळदा तेवढं पुरतं.

हे सगळं लोक मोठ्या अभिमानानं सांगतात. पण त्या दिवसातलं जे माझं स्वतःचं आहे ते मैदानावरचं नाही.

दिवस कलत असताना मी तालमीत कुंडी धूत बसले होते. दारात सावली पडली. जालूदादा होता. फेटा नव्हता.

"नंदा, पोलीस आलेत दुकानात."

"माहीत आहे."

तो उंबऱ्याशीच उभा राहिला. "मला काय ठावं गं, पोरगं मरंल म्हणून? सगळी इकत्यात. दम वाढतो एवढंच ठावं हुतं मला."

"मग आज घेतलं का नाही?"

त्यानं चौकटीला हात टेकला. "वस्तादांना मी बापाच्या जागी मानलं. त्यांच्या नावानं गदा ठिवली मी."

मी हात पुसले, पर्समधून तात्यांची बाटली काढली आणि त्याच्यासमोर उंबऱ्यावर ठेवली.

"ही कुंडीच्या काठावर होती. तात्या प्यायलेली वाटी ठेवायचे ना, तिथंच. रिकामी. शेजारी सुई होती, तीपण मीच उचलली. डाव्या बाहीची घडी वर होती आणि दंडावर लाल ठिपका होता. गावाला मी हे सांगितलं नाही. म्हणाले असते, म्हाताऱ्यानं जीव दिला."

तो बाटलीकडं बघत राहिला.

"तुम्ही त्यांना काय सांगितलं होतं?"

"इटामिन हाय म्हणून."

"आणि सगळी पोरं घेतात म्हणून."

"व्हय."

"पोरं जे घेतात ते आपण घेतल्याशिवाय तुमच्यावर आळ घ्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. तुम्हाला आपला पोरगा म्हणत होते."

तो उंबऱ्यावर बसला. खाली बसता येत नसल्यासारखा, अवघडून बसला. मी पुन्हा कुंडी घासायला घेतली. तळाशी खसखशीचे दाणे चिकटले होते. बाहेर जत्रेतल्या पाळण्याचं गाणं लागलं होतं. मग त्यानं विचारलं, आणि त्याच्या आवाजात मला पहिल्यांदा आमच्या चुलीजवळ जेवायला बसणारा पोरगा ऐकू आला.

"आन् आज मी घेतली असती तर? अडवलं असतंस का मला?"

मी कुंडी पालथी घातली. पाणी निथळू दिलं.

"नाही," मी म्हणाले. "पुढच्या वर्षी तुमच्या नावानं गदा ठेवली असती."